पिल्लाचे पुढचे पाय वाकलेत, कॅल्शियम आणखी वाढवू का?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका ताईंकडे साडेतीन महिन्यांचा जर्मन शेफर्ड आहे. नर, वजन साडेबारा किलो. गेल्या काही दिवसांत त्याचे पुढचे पाय मनगटापाशी खाली बसल्यासारखे झालेत, पंजे पसरलेत आणि बाहेरच्या बाजूला वळलेत. खेळतो, जेवतो, रडत-बिडत नाही. खाण्यात मोठ्या जातींसाठीचं पपी फूड, रोज अर्धा लिटर दूध, एक उकडलेलं अंडं आणि रात्री थोडं चिकन. ज्याच्याकडून पिल्लू आणलं तो म्हणाला, "हाडं कच्ची आहेत, कॅल्शियम वाढवा." म्हणून आधीपासून चालू असलेल्या सिरपच्या जोडीला माणसांची ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली. आता कुणीतरी व्हिटॅमिन डीची पुडीही सुचवलीय. ताई विचारतात: कॅल्शियम आणखी किती वाढवू, आणि पायांना पट्ट्या बांधू का?

वाढवू नका आणि बांधू नका, हे आधीच सांगून टाकते. का, ते सांगायला जरा जास्त लिहावं लागेल. मी पिल्लाला हात लावलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही लिहिलेल्या वर्णनावर उभं आहे. वर्णन बदललं तर सल्लाही बदलेल, आणि कुठे बदलेल तेही सांगते.

मुळात "पाय वाकलेत" हा आजार नव्हे, ते नुसतं लक्षण आहे. कॅल्शियम कमी पडलं तरी पाय वाकतात आणि जास्त झालं तरी वाकतात. पोट भरपूर आणि फरशी गुळगुळीत असेल तर दोन्ही ठीक असूनही वाकतात. म्हणून माझ्याकडे असं पिल्लू आलं की पहिला प्रश्न असतो: दोन्ही पाय की एकच? दुसरा: दुखतंय का, अंगात ताप आहे का? तिसरा: घरात खाली काय आहे? आणि चौथा, ज्याचं उत्तर मिळायला सगळ्यात वेळ लागतो: दिवसभरात भांड्यात नेमकं काय-काय पडतं, आणि कोण-कोण टाकतं? एकत्र कुटुंबात हा प्रश्न फार गमतीशीर ठरतो. सिरप सून देते, गोळी मुलगा देतो, आणि आजी दोघांच्या नकळत दुधात नाचणीचं सत्त्व घालते. प्रत्येकाच्या हिशोबात पिल्लाला एकदाच कॅल्शियम मिळालेलं असतं.

पिल्लाला टेबलावर घ्यायच्या आधी मी त्याला जमिनीवर चालवते. दवाखान्यातली फरशी गुळगुळीत आहे आणि एका कोपऱ्यात रबरी मॅट टाकलेली आहे. फरशीवर पंजे फाकवून, मनगट जवळजवळ जमिनीला टेकवत चालणारं पिल्लू मॅटवर आलं की पुष्कळदा पाऊल बदलतं, नखं रोवतं, बोटं जवळ घेतं, मनगट थोडं वर येतं. मग मनगटाच्या जरा वर, जिथे हाड जाड लागतं, तिथे मी दोन बोटांनी हळू दाबते. मोठ्या जातीच्या पिल्लांत तिथे ठसठशीत उंचवटा असतोच. हाडाची लांबी वाढवणारी कूर्चेची पट्टी, म्हणजे ग्रोथ प्लेट, तिथे असते. हा उंचवटा पाहून घाबरून येणारे पुष्कळ असतात. दाबल्यावर पिल्लू माझं बोट चाटत राहिलं तर तो वाढीचा भाग आहे. पाय झटकन ओढून घेतला, जागा गरम लागली आणि ताप १०३ फॅरनहाइटच्या वर असला तर गोष्ट वेगळी. तिच्याकडे नंतर येते.

तुमच्या वर्णनावरून मला सगळ्यात शक्य वाटते ती मनगटाची ढिलाई. दोन-अडीच महिन्यांपासून साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या भरभर वाढणाऱ्या पिल्लांत हाडं लांबतात, वजन चढतं, पण मनगट धरून ठेवणारे स्नायू आणि स्नायुबंध तेवढ्या वेगाने कसत नाहीत. मग मनगट मागे कलतं किंवा कधी पुढे गुडघ्यासारखं दुमडतं. जर्मन शेफर्ड, डोबरमन, ग्रेट डेन यांत हे नेहमीचं. बहुतेक पिल्लं समतोल खाणं आणि पकड मिळेल अशी जमीन यांवर काही आठवड्यांत सरळ होतात. पट्टी किंवा स्प्लिंट बांधलं की ज्या स्नायूंनी काम करायला हवं ते आणखी सुस्त पडतात, शिवाय वाढत्या पायाला घट्ट पट्टीने जखमा होतात त्या वेगळ्याच. म्हणून पट्ट्या नकोत.

आता कॅल्शियम. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला जरुरीपेक्षा जास्त कॅल्शियम मिळालं तर आतडं शोषण कमी करतं आणि उरलेलं शीवाटे निघून जातं. पाच-सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला हे नीट जमत नाही. समोर जेवढं येईल त्यातलं बरंचसं ते आत घेतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर यासंबंधी महत्त्वाचं काम झालं. जास्त कॅल्शियम घातलेल्या पिल्लांत कूर्चेचं हाड होणं मागे पडलं, सांध्यांत कूर्चेचे दोष दिसले आणि पुढचे पाय वाकले. म्हणजे ज्या भीतीने लोक कॅल्शियम पाजतात, तीच गोष्ट कॅल्शियम पाजून घडली.

तुमच्याच पिल्लाचा हिशोब मांडते, आकडे ढोबळ आहेत. साडेबारा किलोच्या, या वयाच्या शेफर्डला दिवसाला हजाराच्या आसपास कॅलरी पुरतात. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीच्या आहारात दर हजार कॅलरीमागे ३ ते ४.५ ग्रॅम कॅल्शियम असावं, असा अमेरिकेतल्या आफ्को या पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या मानकाचा दंडक आहे. 'मोठ्या जाती' म्हणजे मोठेपणी साधारण ३२ किलो किंवा त्याहून जास्त भरणारे कुत्रे. पिशवीवर कॅल्शियम १.२ टक्के लिहिलं असेल आणि पिल्लू २७० ग्रॅम फूड खात असेल, तर सव्वातीन ग्रॅम कॅल्शियम तिथेच पोटात गेलं. त्याची दिवसाची गरज भागली. वर अर्धा लिटर दुधातून ६०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांतून एक ग्रॅम. बेरीज पावणेपाच ग्रॅमच्या पुढे जाते आणि सिरप अजून धरलेलंच नाही. दूध, अंडं, चिकन यांच्या चारशे-पाचशे कॅलरी वर आल्या, त्या निराळ्याच.

व्हिटॅमिन डीची पुडी तर अजिबात नको. आपल्याकडे मिळणारी पुडी बहुधा ६०,००० युनिटची असते. पपी फूडमध्ये डी घातलेलं असतंच. त्याच मानकाने ठरवलेल्या वरच्या मर्यादेनेसुद्धा हजार कॅलरी खाणाऱ्या पिल्लासाठी एक पुडी म्हणजे ऐंशी दिवसांचा साठा एका घोटात. रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडं जातात. ही पुडी घरात असेल तर पिल्लाच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी ठेवा.

याच्या अगदी उलटी बाजूही आहे आणि ती आमच्याकडे कमी येत नाही. म्हणूनच "कॅल्शियम बंद" हा सल्ला सरसकट कुणी उचलू नये. पपी फूड न देता घरचं खाणं देणाऱ्यांनी इथे नीट वाचावं. १०० ग्रॅम चिकनच्या मांसात कॅल्शियम जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम आणि फॉस्फरस दोनशेच्या आसपास. पिल्लाला कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं आणि इथे ते पंधरा-वीस पट कमी आहे. नुसतं मांस किंवा मांस-भात खाणाऱ्या पिल्लाचं शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी ते हाडांतून काढत राहतं. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हे काम करवून घेतात.

चिकन सेंटर चालवणाऱ्या एका गृहस्थांचं रॉटवायलर पिल्लू याचं ठळक उदाहरण. रोज ताजं बोनलेस, वर कलेजी. त्यांच्या दृष्टीने याहून चांगलं खाणं कुठलं असणार! पिल्लू उठताना ओरडायचं, बसून सरकायचं. एक्स-रेमध्ये हाड आणि आजूबाजूचं मांस जवळपास एकाच रंगाचं दिसत होतं, हाडाची कड पेन्सिलीच्या रेषेएवढी आणि एका मांडीचं हाड मधेच घडी पडल्यासारखं मोडलेलं. मालकांच्या हातात दुसरीकडून करून आणलेला रक्ताचा रिपोर्ट होता. "मॅडम, कॅल्शियम तर नॉर्मल आहे." असणारच. रक्तातला आकडा नॉर्मल ठेवण्यासाठीच तर हाडं रिकामी झाली होती. पिल्लाच्या हाडांची शंका आली की नुसत्या रक्तातल्या कॅल्शियमवर विसंबू नका, एक्स-रे आणि खाण्याची यादी दोन्ही लागतात. त्या पिल्लाला समतोल फूड, लहान पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती आणि वेदनाशामक एवढंच दिलं, कॅल्शियमची इंजेक्शनं नाहीत. काही आठवड्यांत ते चालायला लागलं. पण मऊ असताना त्याचं कटिबंधाचं हाड आत दबलं होतं, ते तसंच जुळलं. शी करताना त्याला अजून त्रास होतो.

दूध-पोळीचं गणित वेगळं. दुधात कॅल्शियम आहे, पण गव्हातला फायटेट हा घटक त्यातलं काही अडवतो आणि एकूण प्रथिनं कमी पडतात. नाचणीचं नाव निघतंच. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, धान्यांमध्ये हे भरपूरच. पण पिल्लाची गरज त्यातून भागवायची तर किलोभर नाचणी खाऊ घालावी लागेल. अंड्याच्या कवचाची बारीक पूड चांगली, सपाट चमचाभर पुडीत सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम मिळतं. मांस-भातावर असणाऱ्या पिल्लासाठी ती योग्य दिशा आहे. मात्र एवढ्याने काम होत नाही, जस्त, तांबं, आयोडीन यांचं काय, हा प्रश्न उरतोच. सहा महिन्यांच्या आतल्या मोठ्या जातीच्या पिल्लाला घरचंच द्यायचं ठरवलं असेल तर एकदा कुणाकडून तरी ग्रॅममध्ये आहार मांडून घ्या, अंदाजाने करू नका. अर्धं फूड, अर्धं घरचं हा मधला मार्ग पुष्कळजण धरतात. त्यात कॅल्शियम कमी होतं की जास्त, हे घरचा भाग कसला आहे त्यावर ठरतं, एका वाक्यात सांगता येत नाही.

कोवळ्या उन्हाबद्दल एक गोष्ट. मुडदूस म्हटलं की आपल्याला तान्हं बाळ आणि सकाळचं ऊन आठवतं. कुत्र्याची कातडी उन्हापासून पुरेसं व्हिटॅमिन डी बनवू शकत नाही, ते त्याला खाण्यातूनच मिळावं लागतं. पिल्लू उन्हात लोळत असेल तर खुशाल लोळू दे, त्याने पाय सरळ होणार नाहीत एवढंच. खरा मुडदूस पिल्लांत कमी दिसतो. आपल्याकडे ज्याला सर्रास मुडदूस म्हणतात ते बहुतेक वेळा वरच्या रॉटवायलरसारखं असतं.

प्रथिनांचंही तसंच. "प्रोटीन जास्त झालं म्हणून पाय वाकले, चिकन बंद करा" हे ऐकायला येतं. ग्रेट डेन पिल्लांवर तेही तपासून झालं आहे. प्रथिनं वाढवल्याने हाडांचे दोष वाढले नाहीत. दोष वाढतात ते एकूण जास्त खाण्याने. आणि इथे मी जरा हट्टीच आहे, कारण गुबगुबीत पिल्लू पाहून "काय मस्त वाढलंय" म्हणणारे सगळेच असतात. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉरांवर एक मोठा अभ्यास झाला. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी खाणं दिलं, तेही जन्मभर. २००२ साली निकाल आला. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा डिस्प्लेशिया (सांधा खोबणीत नीट न बसणं) कमी, सांधेदुखी उशिरा, आणि आयुष्य मध्यकाने (निम्मे कुत्रे त्याहून जास्त जगले) १३ वर्षं, भरपेट गटाचं ११.२. मोठेपणीची उंची आनुवंशिकतेने ठरते. कमी खायला घातल्याने पिल्लू ठेंगणं राहणार नाही, फक्त त्या उंचीला थोडं सावकाश पोचेल, आणि सांध्यांना तेच हवं असतं.

आता ते प्रसंग, जिथे माझा वरचा सल्ला लागू होत नाही. एकच पाय वाकतोय का, हे नीट पाहा. पिल्लू महिन्या-दोन महिन्यांपूर्वी सोफ्यावरून, जिन्यावरून, स्कूटरच्या पुढच्या भागातून पडलं होतं का, आठवून बघा. पुढच्या पायात दोन हाडं शेजारी-शेजारी वाढतात. त्यांतल्या बाहेरच्या हाडाची, अल्नाची, सुमारे ८५ टक्के लांबी मनगटाजवळच्या एका ग्रोथ प्लेटमधून येते. त्या प्लेटला मार बसून ती बंद पडली की एक हाड थांबतं, दुसरं वाढत राहतं आणि पाय धनुष्यासारखा बाहेर वळतो. इथे खाणं बदलून काही होत नाही. शस्त्रक्रिया वाढ शिल्लक असतानाच उपयोगी पडते, म्हणून एकाच पायाला बाक दिसला तर आठवडाभरसुद्धा थांबू नका. मोठ्या जातींत दोन्ही पायांच्या अल्नात कूर्चा अडकून राहते आणि तसाच बाक येतो. तो एक्स-रेशिवाय कळत नाही.

मनगटावरची जागा गरम, सुजलेली, ताप, आणि पिल्लू उठायलाच तयार नाही, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हाडांच्या टोकांना येणारी ती तीव्र सूज असू शकते, दोन ते सहा महिन्यांच्या पिल्लांत दिसते. पाच महिन्यांनंतर शेफर्ड आज या पायाने, पंधरा दिवसांनी त्या पायाने लंगडायला लागला तर पॅनोस्टायटिसचा, म्हणजे लांब हाडांच्या आतल्या सुजेचा, विचार करतात. तो दुखरा असला तरी कालांतराने आपोआप जातो. मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारत पळणं, बसल्यावर उठायला आळस करणं हे खुब्याकडे बोट दाखवतं, आणि शेफर्डमध्ये त्याकडे डोळेझाक करू नये. आणि ज्यांच्या घरी डॅशहुंड आहे त्यांनी वाकड्या पुढच्या पायांसाठी इथे धावत येऊ नये, त्यांची घडणच तशी आहे.

मग आज तुम्ही काय करायचं? गोळ्या बंद, सिरप बंद, पुडी आणू नका. हळूहळू कमी करायची गरज नाही. दूध दोन-तीन दिवसांत कमी करत कपभरावर आणा किंवा बंद करा. पोट ढिलं असेल तर बंदच. फूड पिशवीवरच्या कोष्टकाप्रमाणे मोजून द्या. तिथे बहुधा सध्याचं वजन आणि मोठेपणीचं अंदाजे वजन असे दोन रकाने असतात, दोन्ही पाहा. त्याचे तीन भाग करून तीन वेळा द्या आणि भांडं पंधरा-वीस मिनिटांनी उचला. पिशवीवर "वाढीसाठी, मोठ्या आकाराच्या कुत्र्यांसह" अशा अर्थाचं वाक्य आहे का, तेही बघा. नुसतं पुढच्या बाजूला मोठ्या कुत्र्याचं चित्र असणं पुरेसं नाही. अंडं, चिकन चालेल, पण सगळं मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या भागापर्यंत आणि तेवढं फूड कमी करून. बरगड्यांवर तळहात फिरवल्यावर न दाबता मोजता आल्या पाहिजेत. वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे.

टाइल्सचं काहीतरी करा. सगळं घर झाकायची गरज नाही, तो जिथे धावतो, जिथे खातो आणि जिथे वळतो तिथे रबरी मॅट, जुनी सतरंजी, गोणपाट, जे सरकणार नाही ते टाका. नखं आणि बोटांमधले केस वाढले असतील तर कापा. नॉर्वेत लॅब्राडॉर, न्यूफाउंडलंड अशा मोठ्या जातींच्या पिल्लांवर झालेल्या एका पाहणीत, पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्यांना खुब्याचा त्रास जास्त झाला, आणि मऊ, थोड्या उंचसखल जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांना कमी. म्हणजे घरात बांधून ठेवू नका. मैदानावर, गवतावर, मातीत त्याला त्याच्या मर्जीने फिरू द्या. पट्टा लावून जॉगिंग, चेंडूमागे पुन्हापुन्हा धावणं आणि सोफ्यावरून उड्या या सध्या नकोत. लसीकरण पूर्ण व्हायचं असेल तर जागा स्वच्छ बघा, पार्व्हो या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या विषाणूची साथ वाकड्या पायापेक्षा वाईट.

दर आठवड्याला एकाच जागी, एकाच उजेडात, समोरून आणि बाजूने त्याच्या पायांचा फोटो काढा. पिल्लाला घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि तुमचं वजन वजा करा. साधारण पंधरा दिवसांत मनगट थोडं उचललेलं दिसायला हवं. तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, बाक वाढला, एक पाय जास्त वळला किंवा मधेच दुखायला लागलं, तर दोन्ही पुढच्या पायांचे कोपरापासून मनगटापर्यंतचे एक्स-रे काढून घ्या. दोन्ही सांगितलंय, कारण तुलनेला चांगला पाय लागतो. जवळ सोय नसेल तर परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा. जाताना फुडच्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो, सिरपची बाटली, गोळ्यांची स्ट्रिप आणि घरातल्या प्रत्येकाने पिल्लाला दिलेल्या गोष्टींची तीन दिवसांची यादी सोबत न्या. आजींनाही विचारून घ्या.